न आलेल्या ‘सॉरी’चं काय करायचं?

रोज ब्लॉक करायचं आणि रात्री दीड वाजता अनब्लॉक करून डीपी बघायचा, असा एक नंबर तुमच्याही फोनमध्ये असेल. त्या माणसानं काहीतरी केलेलं असतं. उसने पैसे बुडवले, पाठीमागं खोटंनाटं पसरवलं, सगळ्यांसमोर लाज काढली, किंवा याहून बरंच वाईट. आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही. तो मजेत आहे. कँटीनमध्ये समोरच्या टेबलावर बसून खिदळतोय. तुम्ही मात्र एका शब्दाची वाट बघताय. सॉरी. तो काही येत नाही.

मग घरातलं कुणीतरी सांगतं, जाऊ दे, माफ करून टाक. आपलं डोकं अजूनच सटकतं. चूक त्याची, झोप माझी उडाली, आणि वर माफही मीच करायचं? ज्यानं माफी मागितलीच नाही, त्याला माफ करता तरी येतं का?

ख्रिस्ती धर्मात या प्रश्नावर दोन हजार वर्षं चर्चा चाललीय, कारण क्षमा हा त्या धर्माचा कणाच आहे. तिथंही उत्तर एकच नाही. आज त्या उत्तरांबद्दल बोलूया, पण नुसतं तत्त्वज्ञान म्हणून नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात राहून गेलेल्या एका बाईंच्या आयुष्यातून.

त्यांचं गाव बेल्ह्यापासून फार लांब नाही. बेल्ह्याहून जेजुरीकडं जाणारा रस्ता धरा. पाबळ, शिक्रापूर करत उरुळी कांचनला या. तिथं सोलापूर हायवेला लागा, यवत मागं टाका आणि चौफुल्याला वळा. आलं केडगाव, तालुका दौंड. तिथल्या ‘मुक्ती मिशन’चा परिसर ज्यांनी उभा केला, त्या पंडिता रमाबाई. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई वेगळ्या. दोघी एकाच काळातल्या आणि एकमेकींना ओळखणाऱ्या, त्यामुळं आपला गोंधळ होतो.

शाळेत आपण यांच्यावर दोन ओळी पाठ केल्या. संस्कृतच्या विदुषी, शारदा सदनाच्या संस्थापक. दोन मार्क मिळाले, विषय संपला. पण त्या दोन ओळींच्या मागं एक अशी बाई आहे, जिच्या वाट्याला दुखावणारे भरपूर आले आणि सॉरी म्हणणारे जवळपास कुणीच नाही.

तिरडी डोक्यावर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीत, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, पण त्या काळाच्या मानानं भलतेच हट्टी. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं. बाईमाणसाला संस्कृत शिकवणं म्हणजे तेव्हा पापच. त्यासाठी त्यांना धर्मपंडितांपुढं जाब द्यावा लागला, आणि तो त्यांनी शास्त्रातलेच आधार काढून दिला. पुढं आई लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना शिकवलं. हजारो श्लोक मुलीच्या तोंडपाठ झाले.

हे कुटुंब पायी तीर्थयात्रा करायचं, देवळात पुराण सांगायचं आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं. मग दुष्काळ आला. भांडीकुंडी, दागिने, सगळं विकून झालं. दिवसच्या दिवस उपास पडले. १८७४ मध्ये आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण.

आई गेली तेव्हाची गोष्ट रमाबाईंनी पुढं लिहून ठेवलीय. तिरडी उचलायला माणसं मिळेनात. ज्या समाजाला या घरानं जन्मभर पुराणं ऐकवली, त्यातले दोघंच कसेबसे पुढं आले. चौथा खांदा सोळा वर्षांच्या रमाबाईंचा. पण त्या उंचीला कमी, खांद्यावर तिरडी नीट बसेना. म्हणून त्यांनी आपल्या बाजूची तिरडी डोक्यावर घेतली आणि स्मशानापर्यंत चालत गेल्या.

जरा थांबून विचार करा. न आलेल्या त्या लोकांनी कुणाचा खून केला नव्हता, शिवी दिली नव्हती. ते फक्त आले नाहीत. अशा लोकांना तर आपण कुणाचं काही बिघडवलंय हे कळतसुद्धा नाही. त्यांच्याकडून पश्चात्ताप कुठून येणार?

टाळ्या आणि टोमणे

त्यानंतर रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी भटकले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृतात बोलतेय हे बघून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ असे किताब दिले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जातीबाहेरचं लग्न आणि तेही नोंदणी पद्धतीनं. सनातनी मंडळींना ते पचणं शक्यच नव्हतं. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या सुरुवातीला बिपिनबाबू पटकीनं गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पदरात वर्षाचीही न झालेली लेक.

त्या पुण्याला आल्या. सुधारक मंडळींनी स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्री धर्म नीति’ लिहिलं, सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं जाऊन बायकांना शिक्षिका आणि डॉक्टर व्हायची संधी द्या असं ठणकावून सांगितलं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज गावी मनोरमासह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इकडं पुण्यात काय झालं असेल याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल. काल जिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, तिच्यावर टोमणे सुरू झाले. आजच्या भाषेत सांगायचं तर ट्रोलिंग. फरक एवढाच की तेव्हा ते छापून यायचं.

राग गिळला नाही

आता आपल्याला वाटतं की ख्रिस्ती झालेली बाई म्हणजे एकदम शांत, हसऱ्या चेहऱ्यानं सगळ्यांना माफ करत सुटलेली. तसं काही झालं नाही.

इंग्लंडमध्ये ज्या सिस्टर्सनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच रमाबाईंचे जोरदार वाद झाले. धर्मतत्त्वांवर झाले, आणि बाईनं पुरुषांना शिकवावं का यावरही झाले. मी तुमचा धर्म स्वीकारला म्हणजे माझा मेंदू तुमच्या ताब्यात दिला नाही, अशी त्यांची एकंदर भूमिका. पण गंमत बघा. ज्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रातून कडाक्याचा वाद चाले, त्यांनाच त्या ‘आजीबाई’ म्हणत. भांडण चालू आणि नातंही चालू.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथं १८८७ मध्ये त्यांचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक आलं. बालविवाह, विधवांचे हाल, बायकांना शिकू न देणं, सगळा हिशेब त्यात मांडलाय. तेव्हा मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडं नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा कोर्टाचा हुकूम होता. त्या निकालावरचा रमाबाईंचा संताप त्या पुस्तकात स्पष्ट दिसतो. हिंदू शास्त्रांवर त्यांनी इतकी कडक टीका केली की अनेकांची मनं दुखावली, आणि त्यातली काही टीका एकांगी होती असं आजही अभ्यासक म्हणतात. मुद्दा असा की त्या राग गिळून बसलेल्या नव्हत्या.

हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

ख्रिस्ती लोक नक्की काय मानतात?

आता तुमच्या नंबरवाल्या माणसाकडं येऊ. बायबलमध्ये याबद्दल काय आहे?

एक बाजू म्हणते, आधी पश्चात्ताप, मग क्षमा. लूकच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो की भावानं अपराध केला तर त्याला सुनवा, आणि त्यानं पश्चात्ताप केला तर क्षमा करा. म्हणजे दोन पायऱ्या आहेत. सुनवणं ही पहिली. मत्तयच्या शुभवर्तमानात तर पूर्ण पद्धत दिलीय. आधी एकट्यानं जाऊन बोला, ऐकलं नाही तर एकदोन जण बरोबर न्या, तरीही नाही तर मंडळीसमोर विषय ठेवा. म्हणजे तक्रार करणं हे ख्रिस्ती शिकवणीच्या विरुद्ध नाहीच.

दुसरी बाजू वधस्तंभाकडं बोट दाखवते. ज्यांनी येशूला खिळे ठोकले, ते सॉरी म्हणत नव्हते. ते खाली बसून त्याचे कपडे वाटून घेत होते. तरी त्यानं त्यांच्यासाठी क्षमेची प्रार्थना केली. पुढं स्तेफनला दगडांनी ठेचून मारलं, तेव्हा त्यानंही तेच केलं. मार्कच्या शुभवर्तमानातही प्रार्थनेला उभं राहताना मनातलं सोडून द्या असं सांगितलंय. तिथं समोरच्यानं माफी मागितली की नाही, याचा उल्लेखच नाही.

मग खरं काय? अनेक ख्रिस्ती विचारवंत यातून एक वाट काढतात. ते म्हणतात, क्षमा आणि समेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूड घ्यायचा हक्क मनातून सोडून देणं ही क्षमा. ती एकट्यानं करता येते. पुन्हा विश्वास ठेवणं, पुन्हा एकत्र येणं हा समेट. त्याला दोघं लागतात, आणि समोरचा बदललाय हे दिसावं लागतं. जुन्या करारातला योसेफ आठवा. भावांनी त्याला विकलं होतं. पुढं दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्या दारात आले. त्यानं धान्य दिलं, पण लगेच गळ्यात गळा घातला नाही. हे आता कसे आहेत याची परीक्षा घेतली, मगच ओळख सांगितली.

प्रभूची प्रार्थना मराठीत वाचली तर त्यात एक शब्द सापडतो, ऋण. आम्ही आमच्या ऋणकऱ्यांना जसं सोडलं, तसं आम्हालाही सोड, असा त्या मागणीचा अर्थ. हा शब्द आपल्याला चांगला कळतो. बाजारच्या गावात वाढलेल्या कुणालाही उधारीची वही माहीत असते. उधारी सोडायची तर आधी ती वहीत लिहिलेली असावी लागते. किती, कुणाकडं, कधीपासून. काहीच झालं नाही असं म्हणणं म्हणजे उधारी सोडणं नाही. ती तर वही फाडणं झालं. क्षमा म्हणजे पूर्ण रक्कम लिहायची, स्वच्छ अक्षरात लिहायची, आणि मग ती वसूल करायला गुंड पाठवायचे नाहीत.

रमाबाईंनी ही वही आयुष्यभर लिहिली. पण वसुलीला त्या निघाल्या का, ते बघू.

पुण्यानं पाठ फिरवली

११ मार्च १८८९. मुंबईत शारदा सदन सुरू झालं. विधवांसाठी शाळा आणि राहायची सोय. पैसा अमेरिकेतून आला होता आणि अट होती की तिथं कुणावर धर्म लादायचा नाही. सुरुवातीच्या मुलींमधली एक होती गोदूबाई. पुढं १८९३ मध्ये तिच्याशीच धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. १८९० मध्ये सदन पुण्याला आलं. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं होती.

रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात बोंब उठली. ‘केसरी’नं सडकून टीका केली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पंचवीसच्या आसपास मुलींना पालकांनी काढून नेलं.

इथं प्रामाणिक राहूया. सल्लागारांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तटस्थतेचा शब्द मोडला जातोय असं त्यांना मनापासून वाटलं. रमाबाईंना वाटलं, मी माझ्या घरात दार उघडं ठेवून प्रार्थना केली यात माझा गुन्हा काय? दोन्हीकडं आपण बरोबर आहोत याची खात्री. म्हणून कुणीच सॉरी म्हणालं नाही. आपल्या आयुष्यातली बहुतेक भांडणं अशीच असतात ना? समोरचा व्हिलन नसतो. त्याला मनापासून वाटत असतं की त्यानं योग्यच केलं. पश्चात्ताप न येण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

पण ज्या मुलींना परत नेलं, त्यांचं काय? त्यांची पुस्तकं बंद झाली, पुन्हा तोच कोपरा, तोच अंधार. रमाबाईंच्या मनाला सगळ्यात जास्त हे लागलं असणार.

त्यांनी सदन बंद केलं नाही. पुणंही सोडलं नाही. उरलेल्या मुलींना शिकवत राहिल्या.

रमाबाईंनी त्या लोकांना माफ केलं असं त्यांनी कुठं लिहिलंय म्हणून मी हे सांगत नाहीये. त्यांच्या मनात काय चाललं होतं हे कुणालाच दिसणार नाही. मी त्यांनी पुढं काय केलं तेवढंच बघतेय.

प्लेग, पिस्तूल आणि एक पत्र

१८९७. पुण्यात प्लेग. कमिशनर रँडची माणसं घराघरात घुसतायत, लोकांना रुग्णालयात आणि छावण्यांत नेतायत. पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे. २२ जूनला गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्यामागचा संताप खोटा नव्हता. शहर खरंच भाजून निघालं होतं.

त्याच शहरात, त्याच वर्षी, गोळीच्या महिनाभर आधी रमाबाईंनी पत्र लिहिलं होतं. त्यांच्या आश्रमातली एक मुलगी त्या प्लेगच्या व्यवस्थेत हरवली होती. रुग्णालयात आणि छावणीत बायका सुरक्षित नाहीत, असं त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात जाहीर लिहिलं. लक्षात घ्या, राज्य ख्रिस्ती इंग्रजांचं, रमाबाई स्वतः ख्रिस्ती. गप्प राहणं सोपं होतं. विषय थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टनं त्यांचं म्हणणं साफ खोडून काढलं. म्हणजे सरळ खोटं ठरवलं.

माफी कुणी मागितली माहितीय? गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते आणि प्लेगमधल्या अत्याचारांबद्दल तिथं बोलले होते. परत आल्यावर पुरावा मागितला गेला तेव्हा साक्षीदार पुढं यायला धजले नाहीत, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. ज्यांच्या कारभारात हे सगळं घडलं, त्यांनी नाही. सॉरी हा शब्द नेहमी चूक करणाऱ्याकडूनच येतो असं नाही. कधीकधी तो कमजोराकडून वसूल केला जातो.

रमाबाईंनी आपलं म्हणणं लिहिलं, नाव घालून लिहिलं, आणि कामाला लागल्या. बावीस वर्षांनी, १९१९ मध्ये, त्याच सरकारनं त्यांना ‘कैसर-ए-हिंद’ पदक दिलं. पदक मिळालं. पण त्या पत्रातलं एक अक्षरही सरकारनं खरं मानलं नव्हतं.

केडगावचं दार

मधे एक गोष्ट राहिली. १८८३ मध्ये लंडनच्या फुलहॅम भागात सिस्टर्सचं एक घर रमाबाईंनी पाहिलं होतं. समाजानं ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायका तिथं राहायच्या आणि सिस्टर्स त्यांची प्रेमानं काळजी घ्यायच्या. रमाबाईंना धक्का बसला. त्यांनी वाचलेल्या शास्त्रांत अशा बाईसाठी फक्त शिक्षाच होती. हे लोक असं का वागतात, असं विचारल्यावर त्यांना येशू आणि विहिरीवरची शोमरोनी बाई यांची गोष्ट सांगितली गेली. त्यांच्या धर्मांतरामागं या भेटीचा मोठा वाटा होता.

तरी पुढं कित्येक वर्षांनी त्यांनी लिहिलं की बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त मिळायला अजून आठेक वर्षं लागली. आधी त्यांना वाटायचं, क्षमा कमवावी लागते. मग लक्षात आलं की ती आधीच मिळालीय. ख्रिस्ती विचारातली ही कळीची गोष्ट. तुम्ही माफ करता ते समोरचा लायक आहे म्हणून नाही. तुमचीही मोठी उधारी कुणीतरी सोडलीय म्हणून. तुम्ही ख्रिस्ती नसाल तर हे मानायची सक्ती नाही. पण रमाबाई कुठून बळ आणत होत्या हे समजायचं असेल तर हे माहीत हवं.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना आपला दुष्काळ आठवला. त्या तिथं गेल्या आणि उपाशी विधवांना, पोरक्या मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून केडगावच्या माळावर छपरं घातली. तेच मुक्ती सदन. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. शारदा सदन सुरू झालं होतं ते उच्च जातीच्या विधवांसाठी. इथं जात विचारली गेली नाही. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवली गेली. विणकाम, शेती, छापखाना, सगळं मुली चालवायच्या. आणि एक विभाग होता ‘कृपा सदन’. समाजानं बाहेर टाकलेल्या बायकांसाठी. फुलहॅममध्ये जे बघितलं, ते दौंड तालुक्यात उभं केलं.

आता तिरडीकडं परत बघा. ज्या जगानं आईला खांदा दिला नाही, त्या जगाला रमाबाईंनी काय परत दिलं? त्यांच्या स्वतःच्या वेळी जे दार उघडलं नाही, ते त्यांनी दोन हजार जणींसाठी उघडलं. माझ्या मते त्यांची क्षमा दिसते ती इथं. दुखावणाऱ्यांना शोधून मिठी मारली, असं काही नाही. पण दुखावणाऱ्यांनी आपल्या आयुष्याचा विषय ठरवावा, हे त्यांनी होऊ दिलं नाही.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. शाळेत न गेलेल्या बाईलाही वाचता यावं अशी मराठी त्यांना हवी होती. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली. १९२१ मध्ये मनोरमा गेली, चाळिसाव्या वर्षी. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच रमाबाई गेल्या.

मग तुम्ही काय करायचं?

रमाबाईंच्या आयुष्यातून मला तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात.

पहिली, माफ करणं म्हणजे गप्प बसणं नाही. कुणी छळत असेल, हात उचलत असेल, धमकावत असेल, तर घरी सांगा, कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडं जा, पोलिसांकडं जा. त्याला माफ कर आणि तक्रार मागं घे असं कुणी म्हणालं, मग तो कुठल्याही धर्माचं नाव घेऊन म्हणो, तर तो क्षमेबद्दल बोलत नाहीये. तो तुम्हाला वही फाडायला सांगतोय. चर्चमध्येही हे घडलंय, आणि ख्रिस्ती लोकांनीच त्यावर टीका केलीय. रमाबाईंनी पत्र लिहिलं होतं हे विसरू नका.

दुसरी, माफ करणं म्हणजे परत मैत्री करणं नाही. तो नंबर अनब्लॉक करायलाच हवा असं नाही. पौलानं रोमच्या मंडळीला सांगताना सूड देवावर सोडा असं म्हटलं, पण सगळ्यांशी शांततेनं राहण्याबद्दल सांगताना तुमच्याकडून शक्य असेल तेवढं, ही पुस्तीही जोडली. उरलेलं समोरच्याच्या हातात आहे. तो बदलला तर बघू.

तिसरी सगळ्यात अवघड. सॉरी आल्याशिवाय मी पुढं जाणार नाही, असं आपण ठरवतो तेव्हा आपल्या पुढच्या आयुष्याची किल्ली आपण त्याच माणसाच्या खिशात ठेवतो, ज्याला आपली पर्वा नाही. पुण्यातली मंडळी येऊन चुकलो म्हणेपर्यंत रमाबाई थांबल्या असत्या, तर १८९६ च्या दुष्काळातल्या त्या मुली मेल्या असत्या.

हे एका रात्रीत होत नाही. राग परत परत येतो. पेत्रानं येशूला विचारलं होतं की किती वेळा माफ करायचं, सात वेळा? तर येशूनं त्याला सत्तर गुणिले सात असा हिशेब सांगितला. आपल्याला वाटतं हे चारशे नव्वद वेगवेगळ्या अपराधांबद्दल आहे. कुणास ठाऊक, एकाच अपराधाला रोज रात्री दीड वाजता नव्यानं सोडावं लागतं, त्याबद्दलही असेल.

केडगावला मुक्ती मिशन आजही चालू आहे. मुली, बायका आजही तिथं राहतात, शिकतात. रमाबाईंची समाधी तिथंच आहे. बेल्ह्याहून सकाळी निघालात तर दुपारपर्यंत सहज पोचाल. बाकी काही नाही, तरी एवढं नक्की दिसेल की सॉरीची वाट न बघता एका माणसाला केवढं काय उभं करता येतं.